आमच्याकडून कोणी उपाशी जात नाही

सगळ्यात आधी मला राग येतो तो त्या बॅनरचा. आमच्या कॅन्टीनला खिडकी एकच, तीही नेमकी शेगड्यांच्या वर. आणि पुरवठा खात्याच्या माणसांनी हुडकून हुडकून तिच्यावरच मंत्र्यांचा हसरा चेहरा ताणून बांधला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'आधार केंद्र. एकही नागरिक उपाशी राहणार नाही.' वाफ बाहेर जाईना, धूर बाहेर जाईना, आम्ही आत खोकून खोकून बेजार. शेवटी मदतीला असलेला लांब्या स्टुलावर चढला आणि त्याने सुरीने मंत्र्यांच्या दोन्ही नाकपुड्यांना भोकं पाडली. मग काय, आत पातेल्याला उकळी आली की बाहेर साहेबांच्या नाकातून वाफा निघायच्या. रांगेतली माणसं पोट धरून हसायची. तेव्हा हसू तरी येत होतं.

कारखाना बुटांचा. त्याच्या कॅन्टीनची मुख्य स्वयंपाकीण मी. मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे मला मावशी म्हणतात. लांब्या तिथेच मशीनवर बुटांना तळ चिकटवायचा. कारखाना बंद झाल्यावर 'रिकामा बसून करू काय, पाव तरी कापतो' म्हणून माझ्या हाताखाली आला. मशीन मोठी दिलदार होती, म्हणतो, माझ्यासारखी तोंडाळ नव्हती.

आणि कारखाना बंद का पडला? तर समुद्रापलीकडच्या दोन देशांची जुंपली म्हणून. एकाला आमचे बूट जायचे, दुसऱ्याकडून आमचा गहू यायचा. आमचं दोघांशीही भांडण नव्हतं, पण मार बसला तो आम्हाला. आधी ऑर्डरी थांबल्या, मग गव्हाची जहाजं थांबली, मग गेटला कुलूप लागलं. आता सरकार हातावर हात ठेवून बसलं होतं असं कोणी म्हणू नये बरं का! सरकारने चिंता व्यक्त केली. मग तीव्र चिंता व्यक्त केली. राजधानीत मोठ्या इमारतीवर त्या दोघांतल्या होरपळलेल्या देशाच्या झेंड्याच्या रंगांचे दिवे लावले. आमच्या वस्तीत वीज दिवसाआड येत होती. एक शिष्टमंडळ विमानाने जाऊन फोटो काढून आलं. आणि अर्थमंत्री टीव्हीवर येऊन म्हणाले, नागरिकांनी घाबरून घरात साठा करू नये. साठा! इथे पिठाच्या डब्यात हात घातला तर नखाला पत्रा लागत होता.

पण एक काम त्यांनी केलं, ते मी नाकारणार नाही. बंद कारखान्यांच्या कॅन्टीन ताब्यात घेऊन तिथे मोफत जेवण सुरू केलं. दर सोमवारी ट्रक यायचा, पोती उतरायची. माणशी एक डाव डाळ, एक उकडलेला बटाटा, एक पाव. जो स्वतः रांगेत उभा राहील त्यालाच, घरच्यांसाठी बांधून न्यायचं नाही. पहिल्या दिवशी मी स्वच्छ धुतलेला एप्रन घातला. ज्या माणसांना इतकी वर्षं जेवू घातलं तीच पुन्हा समोर वाडगा धरून उभी होती. फक्त आधी जेवणाच्या सुट्टीत आरडाओरडा करत यायची, आता खाली मान घालून आली. मला भडभडून आलं, पण मी डाव आपटून ओरडले, "काय रे मेल्यांनो, मयताला आलात का? चला, पुढे सरका!"

पहिल्याच दिवशी मागून कोणीतरी पुटपुटलं, "स्वयंपाकवाल्यांची चंगळ आहे. त्यांची माणसं आधी जेवणार." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं, आमच्या घरची माणसं रांगेत शेवटी उभी राहतील, एकदम शेवटी, आणि तशी ती नसली तर माझ्या हातातला डाव काढून घ्या. लांब्याने आपल्या भावाला मागे पाठवलं. भांडी घासणाऱ्या बाईंनी आपल्या नवऱ्याला पाठवलं. आणि मी पाठवलं माझ्या भाचीला.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ही शाळेतही जात नव्हती, मीच वाढवली. सगळ्या कारखान्याची मी मावशी, पण खरीखुरी मावशी हिची एकटीची. हिचा नवरा मालवाहू जहाजावर. लढाई पेटली तेव्हा जहाज नेमकं तिकडच्या बंदरात होतं. 'आपल्या सर्व नागरिकांशी संपर्क झाला आहे,' असं सरकारने जाहीर केलं. सर्वांशी झाला असेल, त्याच्याशी झाला नव्हता. घरात अंथरुणाला खिळलेली सासू आणि पदरात अजून दात न आलेलं पोर. दुकानात दुधाची पावडर दिसेनाशी झाली होती, तीही परदेशातूनच यायची. म्हणजे सगळा हिशेब सरळ होता. भाची जेवली तर तिला दूध येणार, आणि दूध आलं तर पोर जगणार. मला दुसरं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

ती तोंडाने कधी काही मागणार नाही. लहानपणीही तसंच होतं. ताटात कमी पडलं तर ताट चाटूनपुसून बाजूला ठेवायची आणि 'पोट भरलं' म्हणायची. रांगेच्या शेवटी पोराला खांद्याशी घेऊन उभी राहायची. तिची पाळी येईपर्यंत डाळीतली डाळ बरीचशी संपलेली असायची.

आता माझी पद्धत सांगते. माझ्या कॅन्टीनमध्ये 'संपलं' म्हणायची कोणाची टाप नव्हती. शेवटची पाळी उशिरा सुटली, पाहुणे आले, काहीही होवो, पातेल्यात गरम पाणी सोडायचं, मीठ-मिरची वाढवायची, आणि शेवटच्या माणसाच्या वाडग्यातही काहीतरी पडलंच पाहिजे. आधार केंद्रातही मी तेच चालू ठेवलं. रांग वाढली की पाणी वाढव, रांग आणखी वाढली की बटाट्याचे, पावाचे दोन तुकडे कर. रिकामा वाडगा घेऊन कोणीही गेटबाहेर पडलं नाही. मला त्याचा अभिमान होता.

रोज संध्याकाळी तालुक्याच्या पुरवठा कचेरीतून एका अधिकाऱ्याचा फोन यायचा. त्याचे प्रश्न दोनच असायचे. "किती जेवले?" आणि "किती परत गेले?" ना रामराम ना चहापाणी. लांब्याने त्याचं नाव दोनप्रश्न ठेवलं. पहिल्यांदा त्याने दुसरा प्रश्न विचारला तेव्हा मला तो अपमानच वाटला. मी ठणकावलं, "आमच्याकडून कोणी परत जात नाही, साहेब. लिहून ठेवा." त्याने लिहून ठेवलं. रोज लिहून ठेवलं. मी रोज छाती पुढे काढून सांगायचे आणि तो रोज लिहायचा, शून्य.

थोड्याच दिवसांत ट्रकमधून पोती कमी उतरली. मी ड्रायव्हरशी भांडले, तो म्हणाला मला काय विचारता, चढवली तेवढी आणली. मी पाणी वाढवलं. पुढच्या सोमवारी आणखी कमी. मी आणखी पाणी वाढवलं. रांग मात्र लांबतच होती, कारण शेजारची गिरणीही बंद पडली होती. डाळीचा रंग जाऊन नुसता वास उरला. कटिंग खात्यातले एक आजोबा होते, आयुष्यभर चामडं कापलेलं, रोज सगळ्यांच्या आधी येऊन रांगेत पहिले उभे राहायचे. ते वाडग्यात पाहून म्हणाले, "मावशी, यात माझं तोंड दिसतंय. दाढी करून घेऊ का?" सगळे हसले. मीही हसले आणि आत जाऊन डोळे पुसले.

भाचीचं पोर रडेनासं झालं होतं. ज्यांनी पोरं वाढवलीत त्यांना सांगायला नको. रडणारं पोर परवडलं. मी माझ्या वाट्याचा पाव आणि बटाटा रुमालात बांधून तिच्याकडे न्यायचे. ती समोर घ्यायची, 'खाते नंतर' म्हणायची, आणि मी वळले की कुस्करून सासूला भरवायची. सासूला तरी कशी नावं ठेवू? ती म्हातारी भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "मला नको ग, मला भूकच नाही." त्या घरात सगळ्याच एकीपेक्षा एक खोटारड्या.

एका सकाळी दोनप्रश्न स्वतः आला. मला वाटलं होतं कोणी ढेरपोट्या असेल. निघाला काटकुळा, माझ्या भाचीच्या वयाचा, सायकलवरून घामाघूम होऊन आलेला. पेट्रोल त्यालाही मिळत नव्हतं. मी त्याच्यापुढे वाडगा ठेवला. त्याने दोन घोट घेतले आणि वाडग्याकडेच बघत राहिला.

"मावशी, हे पाणी आहे."

"अगं बाई! कळलं का? बरं झालं, मला वाटत होतं माझीच जीभ गेली."

तो ओशाळला नाही. वाडगा मात्र पूर्ण प्यायला. मग म्हणाला, "तुम्ही पाणी घालता हे मला कधीचंच कळलं होतं. सगळं दिसतं हो. पण मी काय लिहू? राजधानीत एक मोठा पडदा आहे. त्यावर देशातली सगळी केंद्रं ठिपक्यांसारखी दिसतात. जिथून लोक परत जातात तो ठिपका लाल होतो. परदेशातून मिळेल त्या भावाने थोडंफार धान्य येतंय, ते लाल ठिपक्यांना जातं. जिथून कोणी परत जात नाही तिथे गरजेपेक्षा जास्त आहे असं धरतात आणि तिथलं काढून घेतात. तुमचा ठिपका पहिल्या दिवसापासून हिरवागार आहे."

मी पाव कापायच्या टेबलाला धरून उभी राहिले. इतके दिवस मी ज्याची फुशारकी मारत होते त्यानेच आमची पोती पळवली होती! मी तोंड भरून 'कोणी परत जात नाही' म्हणायचे, आणि तिकडे कोणीतरी खूश होऊन आमचं एक पोतं कमी करायचं.

"मग मी आजपासून सांगते, शंभर गेले परत. लिहा."

"गेटवर कॅमेरा आहे, मावशी. आकडा आणि चित्र जुळावं लागतं."

"मग तुमच्या त्या पडद्यावाल्यांना सांगा ना, इथे येऊन एक वाडगा पिऊन जा म्हणावं!"

"सांगितलं. दोनदा सांगितलं," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा सांगितल्यावर मला विचारलं, तुम्हाला बदली हवी आहे का." तो सायकलची किल्ली बोटात फिरवत बसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आठवडाभर डाळीसारखी डाळ करा. संपेल तिथे थांबवा. बाकीच्यांना परत पाठवा. शनिवारपर्यंत तुम्ही लाल व्हाल आणि सोमवारी ट्रक भरून येईल. दुसरा रस्ता मला दिसत नाही."

"आणि आठवडाभर त्या बाकीच्यांनी काय हवा खायची?"

निदान त्याने 'तीव्र चिंता' तरी व्यक्त केली नाही. सायकल काढून गेला.

मी दिवसभर भांडी आपटत राहिले. लांब्या माझ्या मागे मागे फिरत होता. शेवटी म्हणाला, "मावशी, ठरवलंस ना तू? पण शेवटी कोण उभं असतं ते माहीत आहे ना तुला?"

"मला काय शिकवतोस? माझं डोकं फिरलेलं नाही."

"मग तिला पुढे घे. आजच घे. कोण काय म्हणतंय?"

कोण काय म्हणतंय! ज्या दिवशी पातेलं संपणार त्याच दिवशी मावशीची भाची शेवटावरून थेट पुढे? शेंबडं पोरही ओळखेल काय चाललंय ते. आणि एकदा रांगेचा विश्वास गेला की मग रांग कसली, ती झुंड. मी लांब्याला म्हणाले, "तुझा भाऊही शेवटीच आहे. त्याला घेतोस पुढे?" तो पाव कापू लागला. त्या दिवशी त्याने आपलं बोट कापून घेतलं.

संध्याकाळी मी भाचीकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं. लपवलं नाही. एकच आठवडा, म्हटलं, मग भरपूर येईल, पोरी. ती पोराच्या तळव्यांना तेल चोळत होती. तिने मान हलवली. "ठीक आहे, मावशी. बाकीचेही आहेतच की मागे," एवढंच म्हणाली. तिने भांडायला हवं होतं. माझ्या अंगावर धावून आली असती तर मी तिथल्या तिथे सगळं रद्द केलं असतं. देवाशपथ केलं असतं.

दुसऱ्या दिवशी डाळ डाळीसारखी झाली. दाट, पिवळी, फोडणीचा वास गेटपर्यंत. पुढच्यांनी वाडग्यात पाहिलं आणि त्यांचे चेहरे असे उजळले की मला रडू कोसळलं. "मावशी, लॉटरी लागली का?" "खा, गप खा." आणि रांग अजून भिंतीला वळसा घालून उभी असताना पाव-बटाट्यांच्या टोपल्या रिकाम्या झाल्या आणि डाव पातेल्याच्या तळाला खरवडला. मी आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द उच्चारला. "संपलं." कोणाला खरंच वाटेना. हसलेच दोघं-तिघं. मावशी थट्टा करते आहे! मग मी पातेलं उचलून उलटं धरलं.

काही शिव्या देत गेले. तो हक्कच होता त्यांचा. एक बाई वाडगा छातीशी धरून उभीच राहिली, जणू थोडं थांबलं तर होईल. भाचीने पोराच्या डोक्यावरची टोपी नीट केली आणि गेटमधून, कॅमेऱ्यासमोरून, चालत गेली. संध्याकाळी दोनप्रश्नाने विचारलं, "किती परत गेले?" मी आकडा सांगितला. तो म्हणाला, "रंग बदलतोय, मावशी. धीर धरा."

धीर धरा म्हणे! तो आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. रोज तेच. मी माझा पूर्ण वाटा भाचीकडे न्यायचे आणि ती खाईपर्यंत समोर ठाण मांडून बसायचे. पण समोर सासू बघत असताना कोणत्या तोंडाने सुनेने एकटीने खावं? तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिने पोराला छातीशी धरलं, तर ते नुसतं तोंड लावून पडून राहिलं. ओढेचना. मी त्याच्या ओठांवर साखरेचं पाणी टिपत बसले आणि मनातल्या मनात त्या पडद्याला म्हणत होते, लाल हो रे बाबा, लवकर लाल हो. एरवी मी कधी देवाला हात जोडले नाहीत, आणि आता एका ठिपक्याला जोडत होते.

शनिवारी फोन आला. दोनप्रश्न ओरडलाच. "झालं, मावशी! झालं लाल!" मी रिसीव्हर टाकून लांब्याला मिठी मारली. त्याच्या पोटापर्यंतच पोचते मी. तो म्हणाला, "अगं सोड, जीव जाईल," आणि स्वतःच रडायला लागला. मी धावत भाचीकडे गेले, तिला सांगितलं. ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

सोमवारी ट्रक आला. आम्ही सगळे गेटवर उभे होतो. ड्रायव्हरने मागची फळी पाडली. पोती तेवढीच होती. मोजायचीसुद्धा गरज नव्हती, नजरेनेच कळलं. मी ट्रकमध्ये चढले, ताडपत्री उचलून पाहिली, ड्रायव्हरच्या केबिनमध्ये डोकावले. वेड्यासारखी त्या माणसाच्या सीटखालीही पाहिलं.

संध्याकाळी फोन आला. "किती जेवले?" मी सांगितलं. दुसऱ्या प्रश्नाची वाट पाहत थांबले.

"अरे, विचार ना! किती परत गेले ते विचार!"

"तो प्रश्न आता नाही, मावशी," तो म्हणाला. "सगळ्यांनी हेच केलं. सगळ्या जिल्ह्यांतल्या सगळ्या केंद्रांनी. अख्खा पडदा लाल झाला. परदेशी बातमीदारांच्या हाती त्याचा फोटो लागला. मंत्रिमंडळाची तातडीची बैठक झाली. बाहेर युद्ध चालू असताना देशाबद्दल असा संदेश जाणं बरोबर नाही, असं ठरलं. आजपासून फक्त किती जेवले तेवढंच विचारायचं. पडदा पुन्हा हिरवा आहे."

मी त्याला नाही नाही ते बोलले. त्याच्या सात पिढ्या काढल्या. त्याने सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला नाही. शेवटी मलाच धाप लागली. तो म्हणाला, "मी तुम्हाला सांगितलं म्हणून तुम्ही..." मीच फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पाणी ओतलं. सगळ्यांना थोडं थोडं, कोणी परत जायचं नाही, आपली जुनी रीत. पण बाहेर जुनं काही उरलं नव्हतं. मागे राहिलं की रिकाम्या हाताने जावं लागतं, हे आता सगळ्यांना कळलं होतं. गेट उघडलं आणि लोंढा आत शिरला. कोपरं, वाडगे, शिव्या. लांब्या हात पसरून ओरडत होता, "सगळ्यांना मिळणार आहे! अरे, सगळ्यांना मिळणार आहे!" कोण विश्वास ठेवणार?

पहिले उभे होते कटिंगचे आजोबा, नेहमीसारखे. त्यांनी वाडगा पुढे केला. तेवढ्यात बाजूने एक हात आला आणि त्याने आजोबांच्या छातीवर असा रेटा दिला की ते मागच्या बाकावर आदळून खाली बसले. वाडगा गडगडत टेबलाखाली गेला. तो हात माझ्या भाचीचा होता. दुसऱ्या हातात पोर. केस सुटलेले, एका पायात चप्पल नाही. आयुष्यात कधी काही न मागितलेली माझी पोर माझ्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "तळातलं वाढ. पाणी नको. तळातलं."

मी ओरडायला हवं होतं. अगं, म्हाताऱ्या माणसाला ढकलतेस, लाज नाही वाटत, हे असं शिकवलं का मी तुला? त्याऐवजी मी डाव पातेल्यात खालपर्यंत घातला, ढवळू न देता सावकाश वर आणला आणि जेवढी म्हणून डाळ होती ती तिच्या वाडग्यात ओतली. मग दुसरा डावही घातला. सगळ्यांनी पाहिलं. मी लपवलंच नाही.

"आम्हालाही तळातलं!" मागून एक आवाज आला, मग दहा आले. टेबल सरकलं. लांब्याने पातेलं धरलं नसतं तर कोणीतरी भाजलंच असतं. त्यानंतर कोणाच्या वाडग्यात काय पडलं हे मला सांगता यायचं नाही. डाव माझ्या हातातून कोणी काढून घेतला तेही कळलं नाही.

आजोबांना मी उठवायला गेले. त्यांनी माझा हात धरला नाही, बाकाला धरून स्वतःच उठले. टेबलाखालून वाडगा काढला, शर्टाला पुसला. मी म्हटलं, "आजोबा, थांबा, माझा पाव आहे, तो घ्या." त्यांनी भाचीकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "राहू द्या, मावशी," ते म्हणाले. "तिला द्या. लेकुरवाळी आहे." आणि गेटमधून बाहेर गेले.

मी त्यांच्यामागे जायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी गेले नाही. भाची भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. एका हाताच्या बोटांनी डाळ चाटत होती आणि पोर छातीशी धरलेलं होतं. मागे आरडाओरडा चालला होता, पातेलं कोणीतरी पाडलं होतं. मी तिच्यासमोर गुडघे टेकून बसले आणि त्या पोराच्या इवल्याशा गळ्याकडे बघत राहिले. ते गिळत होतं.